प्राण्यांचे क्लोनिंग आणि जनुकीय अभियांत्रिकी

प्राण्याच्या शरीरातील एखाद्या पेशीपासून त्याच जनुकसंचाचा दुसरा प्राणी जन्माला घालणे म्हणजे क्लोनिंग. प्राण्याच्या डीएनएमध्ये हेतुपुरस्सर बदल करणे, म्हणजे एखादे जनुक घालणे, काढणे किंवा बंद पाडणे, ही झाली जनुकीय अभियांत्रिकी. दोन्हींची सर्रास गल्लत होते. क्लोनिंगमध्ये जनुके आहेत तशीच राहतात. जनुकीय अभियांत्रिकीत ती बदलतात. मात्र क्लोनिंगचा सर्वांत मोलाचा उपयोग या दोन तंत्रांची सांगड घातल्यावरच झाला आहे.

जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या डिंभाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंडपेशीत घालून त्यापासून नवे बेडूक वाढवता येतात, हे दाखवले. सस्तन प्राण्यांत प्रौढ शरीरातील पेशीपासून हेच साधायला आणखी तीन दशके लागली. स्कॉटलंडमधील रॉझलिन संस्थेत इयन विल्मुट, कीथ कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेतील पेशी वापरल्या आणि ५ जुलै १९९६ रोजी डॉली जन्मली.

हे काम सूक्ष्मदर्शकाखाली चालते. जेमतेम एक दशांश मिलिमीटर व्यासाची अंडपेशी एका काचनळीच्या टोकाशी हलक्या शोषणाने धरून ठेवतात आणि दुसऱ्या, अतिशय बारीक नळीने तिची गुणसूत्रे ओढून काढतात. मग दात्याची पेशी तिच्या आवरणाखाली सरकवतात व विजेचा सौम्य झटका देतात. दोन्ही पेशी एकजीव होतात आणि विभाजन सुरू होते. तयार झालेला गर्भ दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात वाढतो. डॉलीच्या वेळी कासेच्या पेशींना आधी पोषक द्रव्ये कमी करून जवळजवळ सुप्तावस्थेत नेले होते. कॅम्पबेल यांची ही कल्पना निर्णायक ठरली.

डॉलीसाठी अशा २७७ अंडपेशी तयार केल्या होत्या. त्यांतून रोपणायोग्य २९ गर्भ मिळाले, ते १३ मेंढ्यांत सोडले आणि जगले एकच कोकरू. वाढलेल्या पेशीच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा पुसून त्याला पुन्हा गर्भावस्थेला आणावे लागते, आणि हे पुसणे बहुधा अर्धवट राहते. म्हणून कित्येक गर्भ गळून पडतात. गाईम्हशींत काही वासरे पोटात अवाजवी मोठी होतात, प्रसूती अवघड जाते. या तंत्राची किंमत गर्भ वाढवणाऱ्या माद्यांनाही मोजावी लागते. क्लोनिंगचा कोणताही हिशेब ती वगळून मांडता येणार नाही.

क्लोन म्हणजे हुबेहूब तोच प्राणी, हाही गैरसमज आहे. २००१ मध्ये टेक्सासमध्ये जन्मलेल्या पहिल्या क्लोन मांजरीचा रंग तिच्या तिरंगी दात्री मांजरीसारखा नव्हता, कारण मांजरीच्या अंगावरचे ठिपके जनुकांइतकेच गर्भातील योगायोगावर ठरतात. मेलेले पाळीव जनावर परत मिळावे म्हणून क्लोनिंगकडे वळणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यायला हवे.

पूर्वी परके जनुक थेट गर्भात टोचत. ते डीएनएमध्ये कुठे बसेल याचा नेम नसे, आणि बहुतेक पिल्लांत ते उतरतच नसे. क्लोनिंगमुळे बदल प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत करता येऊ लागला: हवी तशी बदललेली पेशी निवडायची आणि तिचाच प्राणी घडवायचा. १९९७ मध्ये जन्मलेल्या पॉली या मेंढीत रक्त गोठवणाऱ्या एका मानवी प्रथिनाचे जनुक याच मार्गाने घातले होते. हिमोफिलिया या रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या एका प्रकारात रुग्णांकडे हेच प्रथिन नसते. पुढे जनुकबदल केलेल्या शेळ्यांच्या दुधातून वेगळे केलेले अँटिथ्रॉम्बिन हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारे प्रथिन २००६ मध्ये युरोपात आणि २००९ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झाले.

२०१२ नंतर आलेल्या क्रिस्पर तंत्राने जनुकांची काटछाट पुष्कळ सोपी केली. त्याचा सर्वांत आशादायक वापर अवयव प्रत्यारोपणात दिसतो. डुकराच्या पेशींवर असलेली एक शर्करा माणसाचे शरीर तत्काळ ओळखते आणि परका अवयव नाकारते. ती बनवणारे जनुक बंद करून व काही मानवी जनुके घालून वाढवलेल्या डुकराचे हृदय जानेवारी २०२२ मध्ये मेरीलँड विद्यापीठात एका रुग्णाला बसवले गेले. त्यात दहा जनुकीय बदल होते. रुग्ण सुमारे दोन महिने जगला.

शेतीत लवकर वाढणाऱ्या जनुकबदलित सामन माशाला अमेरिकेने २०१५ मध्ये खाद्य म्हणून मान्यता दिली. उत्तम वळूंचे किंवा रेड्यांचे क्लोन करून त्यांचे वीर्य वापरण्याचेही प्रयत्न चालू आहेत. क्लोन केलेल्या गाई, डुकरे व शेळ्यांचे मांस आणि दूध नेहमीइतकेच सुरक्षित असल्याचा निष्कर्ष अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये काढला. युरोपीय संघात मात्र असे अन्न विकायला आगाऊ परवानगी लागते.

वन्यजीव संरक्षणात क्लोनिंगची कामगिरी थोडी, पण लक्षणीय आहे. काळ्या पायांच्या फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या उत्तर अमेरिकी प्राण्याची सगळी हयात संख्या अवघ्या सात प्राण्यांपासून वाढलेली होती. १९८८ मध्ये गोठवून ठेवलेल्या, त्या सातांबाहेरच्या एका मादीच्या पेशींपासून डिसेंबर २०२० मध्ये क्लोन जन्मली. त्याच पेशींपासून झालेल्या दुसऱ्या एका क्लोनला २०२४ मध्ये पिल्ले झाली, आणि हरवलेला जनुकीय वारसा प्रजातीत परत आला. मात्र स्पेनमधील बुकार्डो या नामशेष रानबोकडाचे २००३ मध्ये जन्मलेले क्लोन फुप्फुसातील दोषामुळे काही मिनिटांतच मेले.