'द मॅन हू कुड चीट डेथ'मागची खरी शस्त्रक्रिया

भयपटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश हॅमर फिल्म्सचा 'द मॅन हू कुड चीट डेथ' १९५९ साली आला. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, पटकथा जिमी सँगस्टरची. नायक डॉ. जॉर्ज बॉने (अँटन डिफ्रिंग) दिसायला ऐन तारुण्यात, पण वय १०४. दर दहा वर्षांनी तो दुसऱ्या माणसाची ग्रंथी आपल्या शरीरात बसवून घेतो आणि शस्त्रक्रिया लांबली तर वाफाळतं हिरवं द्रव्य पिऊन वेळ मारून नेतो. हॅमरच्या फ्रँकनस्टाइन (१९५७) आणि ड्रॅक्युलापुढे (१९५८) हा चित्रपट झाकोळला गेला. मला तो त्या दोघांपेक्षा जास्त अस्वस्थ करतो, कारण त्यातली शस्त्रक्रिया निव्वळ कल्पनेतून आलेली नाही.

कथा घडते १८९० च्या पॅरिसमध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी, १ जून १८८९ रोजी, याच शहरात ७२ वर्षांचे शार्ल-एदुआर ब्राऊन-सेकार जीवशास्त्र मंडळासमोर उभे राहिले होते. कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क त्यांनी स्वतःला टोचून घेतला होता. अंगात ताकद आली, जिने पुन्हा चढता येऊ लागले, प्रयोगशाळेत तासन्‌तास उभं राहता येतं, असं त्यांनी सांगितलं. हा कुणी भोंदू नव्हता. मज्जारज्जूवरच्या संशोधनामुळे वैद्यकात त्यांचं नाव आजही घेतलं जातं. त्यांना जाणवलेला फरक बहुधा मनाचाच खेळ होता, कारण अशा पाण्यातल्या अर्कात संप्रेरक जवळजवळ उतरतच नाही. पण ग्रंथी रक्तात काहीतरी सोडतात आणि त्यावर शरीर चालतं, हा त्यांचा मूळ विचार खरा ठरला. म्हणूनच पुढची चाळीस वर्षं लोक या आशेला चिकटून राहिले.

शल्यविशारद सर्ज व्होरोनॉफ यांनी अर्काऐवजी थेट ग्रंथीचं कलम सुरू केलं. आधी बोकड आणि मेंढे झाले. मग जून १९२० मध्ये, पुन्हा पॅरिसमध्येच, माकडाच्या वृषणाच्या चकत्या त्यांनी माणसात बसवल्या. श्रीमंत म्हाताऱ्यांची रीघ लागली आणि वानरांच्या पैदाशीसाठी त्यांनी रिव्हिएराजवळ केंद्रही उभारलं. तिकडे व्हिएन्नात आयुगेन श्टाइनाख शुक्रवाहिनी बांधून पुन्हा तारुण्य येतं असं सांगत होते. १९२३ मध्ये फ्रॉइड आणि १९३४ मध्ये कवी येट्स यांनी ती शस्त्रक्रिया करून घेतली. १९३५ मध्ये वृषणातलं संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, शुद्ध रूपात हाती आलं, त्याने म्हातारपण काही टळेना, आणि कलमांचा बाजार उठला.

बॅरे लिंडन यांचं 'द मॅन इन हाफ मून स्ट्रीट' हे नाटक १९३९ चं, म्हणजे ही लाट नुकतीच ओसरलेली असतानाचं. त्यावर पॅरामाउंटने १९४५ मध्ये एक चित्रपट केला, आणि चौदा वर्षांनी हॅमरने.

तोवर आणखी एक समजूत टिकून होती. शल्यविशारद अलेक्सिस कारेल यांनी १९१२ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाच्या पेशी काचपात्रात वाढवल्या आणि ते संवर्धन १९४६ पर्यंत चालू राहिलं. पेशी मुळात अमरच असतात, असा त्यावरून निष्कर्ष निघाला. माणसाच्या सामान्य पेशी साधारण पन्नास वेळा विभागून थांबतात, हे हेफ्लिक आणि मूरहेड या संशोधकांनी दाखवलं ते १९६१ मध्ये, चित्रपटानंतर दोन वर्षांनी. त्यामुळे १९५९ च्या प्रेक्षकाला बॉनेचं विज्ञान आज वाटतं तितकं अशक्य वाटलं नसणार.

चित्रपटही त्या विज्ञानाला खोटं म्हणत नाही. तो विचारतो, ग्रंथी कुणाची? व्होरोनॉफ यांच्या काळात हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही, कारण टेबलावर माकड असायचं. इथे बॉनेचा जुना साथीदार डॉ. वाइस दशकांमागून दशकं शस्त्रक्रियेच्या मदतीला उभा राहिलेला आहे. यावेळची ग्रंथी मिळवण्यासाठी मित्राने जिवंत माणूस मारला, हे कळताच तो नकार देतो आणि त्या हिरव्या द्रव्याची बाटली फोडून टाकतो. बॉने त्याचाही जीव घेतो.