कलेतून विज्ञानाची गोडी

चित्रं, नाटक, नाच, संगीत, ओरिगामी, विणकाम, फोटोग्राफी असं काहीही हाताशी घेऊन मुलांना आणि तरुण पोरापोरींना विज्ञानाकडे ओढायची जी पद्धत आहे तिला ढोबळमानाने कलेतून विज्ञान म्हणतात. शाळा, म्युझियम, सायन्स सेंटर, कॉलेजचे फेस्टिव्हल, सगळीकडे हे चालतं. २००० नंतर अमेरिकेत विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणित या चौकडीत कलाही घ्या असा आग्रह वाढला, इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला स्टीम म्हणतात, आणि ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाईनने तो बराच लावून धरला. नाव काहीही असो, यात दोन प्रकार दिसतात. एकात कला म्हणजे धड्यावर चढवलेला नुसता मुलामा. दुसऱ्यात हाताने काम करता करता मुलाला स्वतःलाच प्रश्न पडतो. गोडी लागते ती बहुतेक दुसऱ्याने.

मुलाम्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे थर्माकोलची सूर्यमाला. गोळे रंगवायचे, शनीला पुठ्ठ्याची कडी घालायची, वर चमकी टाकायची, झालं. दिसतं छान, पण सगळे ग्रह जवळजवळ सारखे आणि सूर्य त्यांच्यापेक्षा जरासा मोठा, म्हणजे मूल चुकीचंच चित्र डोक्यात घेऊन घरी जातं. तेच मुलांना सांगा की पृथ्वी १ सेंटिमीटरची करा आणि बाकीचं त्याच मापात बसवा, मग सूर्य १०९ सेंटिमीटरचा होतो आणि तो ठेवावा लागतो साधारण ११७ मीटर लांब. आता वर्गात मावेना म्हणून मैदानावर जायचं, मग तिथे दिसेल कसं यावर भांडाभांडी, आणि तोवर अंतराळ किती रिकामं आहे हे न शिकवताच कळलेलं असतं.

मुळात चित्र काढणं ही बघायची एक शिस्त आहे, त्याचा सगळ्यात भारी दाखला चंद्राचा. १६०९ साली इंग्लंडमध्ये थॉमस हॅरिअट या गणितज्ञाने दुर्बिणीतून चंद्र पाहून चित्र काढलं, गॅलिलिओच्या आधी काही महिने. त्यात उजेड-अंधाराची खडबडीत सीमारेषा आहे, थोडे डाग आहेत, बस. गॅलिलिओने त्याच वर्षाच्या शेवटी काढलेल्या चित्रांत मात्र डोंगर आणि खड्डे आहेत. त्याची दुर्बीण जास्त ताकदीची होती हे खरंच, पण छायाप्रकाश आणि पर्स्पेक्टिव्ह (सपाट कागदावर खोली दाखवायची रीत) यांची त्याला जाण होती, त्यामुळे अंधाऱ्या भागात सुटा चमकणारा ठिपका म्हणजे ऊन पडलेलं शिखर हे त्याने ओळखलं. १६१० मध्ये गॅलिलिओचं पुस्तक आलं आणि त्यानंतरच्या हॅरिअटच्या चित्रांतही खड्डे दिसायला लागले! मुलांना याच क्रमाने ही गोष्ट सांगावी, आधी दोन्ही चित्रं समोर ठेवून आणि नावं झाकून.

अशी माणसं पुढेही होतीच. मारिया सिबिला मेरियन ही चित्रकार १६९९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली आणि अळीचं फुलपाखरू होताना ती ज्या झाडावर जगते त्या झाडासकट तिने रंगवलं. सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाला लहानपणी चित्रकारच व्हायचं होतं, वडिलांनी डॉक्टरकीत घातलं, आणि पुढे मेंदूतल्या पेशींची त्याने काढलेली चित्रं अजून वापरात आहेत. त्याला १९०६ चं नोबेल मिळालं.

प्रत्यक्ष वर्कशॉपमध्ये चालणाऱ्या गोष्टींत सायनोटाईप फार वरचा. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये शोधलेली ही निळ्या फोटोची रीत, आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सने ती वापरून समुद्री शेवाळांचं पुस्तक काढायला घेतलं. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड पाण्यात मिसळून कागदाला लावायचं, अंधारात वाळवायचं, वर पान ठेवून उन्हात धरायचं. अतिनील किरणांनी लोह बदलतं आणि प्रशियन निळा रंग कागदातच तयार होतो, झाकलेल्या जागचं रसायन पाण्यात धुवून जातं म्हणून पानाचा ठसा पांढरा राहतो. इथवर ती नुसती सुंदर कला आहे. मग पारदर्शक प्लास्टिकवर सनस्क्रीनचं बोट ओढून ते कागदावर ठेवायला सांगा. बोट ओढलं तिथे कागद फिका राहतो, आणि लगेच पोरं आपापले चष्मे, गॉगल, खिडकीची काच घेऊन तपासायला निघतात, त्यांना थांबवणं अवघड असतं.

आवाजासाठी क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाच्या आकृत्या आहेत, १७८७ पासूनच्या. धातूचा पत्रा मध्यभागी घट्ट धरायचा, बारीक वाळू पसरायची आणि कडेवर व्हायोलिनचा बो फिरवायचा (आता खाली स्पीकर लावून मोबाईलवरून सूर देतात). जिथे पत्रा थरथरतो तिथून वाळू उडते, स्थिर रेषांवर जमते आणि नक्षी उमटते. सूर चढवला की नक्षी गुंतागुंतीची होते. गणितवाल्यांकडे क्रोशे आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना टायमिन्या यांनी १९९७ मध्ये ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवत हायपरबोलिक पृष्ठभाग विणला, तो सपाट बसतच नाही, त्याला झालरी पडतात. एरवी कागदावर डोकं चालत नाही अशी भूमिती हातात घेऊन दुमडता येते.

संस्थांमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचं एक्स्प्लोरेटोरियम हे विज्ञानाचं म्युझियम आधी आठवतं. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी ते १९६९ मध्ये सुरू केलं, आणि १९७० च्या दशकापासून तिथे कलाकारांना राहून काम करायला बोलावतात, तेही पोस्टर रंगवायला नाही तर प्रयोगच तयार करायला. मोठ्यांसाठी २००८ पासून आपली पीएचडी नाचून दाखवायची स्पर्धाही चालते, त्यात संशोधकाने स्वतः नाचायचं अशी अट आहे. ऐकायला टाईमपास वाटतं पण रेणू कसा वळतो हे अंगाने दाखवायचं तर आधी आपल्याला ते नीट कळलंय का हे उघडं पडतं.

चित्रकलेचा उपयोग मुलांच्या मनातलं काढून घ्यायलाही झालाय. डेव्हिड चेंबर्स या संशोधकाने ४,८०७ मुलांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगितलं होतं, ते १९८३ मध्ये छापून आलं. पांढरा कोट, चष्मा, दाढी, बाटल्या, आणि बाई शास्त्रज्ञ फक्त २८ चित्रांत, तीही सगळी मुलींनीच काढलेली. नंतरच्या दशकांत अमेरिकेत अशा चित्रांतल्या बायकांचं प्रमाण बरंच वाढलं, तरी मुलं मोठी होतात तशी पुरुषच जास्त काढतात.

टीकाही होते आणि ती रास्त आहे. एका दिवसाच्या कार्यक्रमानंतर हसऱ्या चेहऱ्यांचे फॉर्म भरून घेतात, त्यावरून मजा आली एवढंच कळतं, सहा महिन्यांनी काय उरलं ते नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी कलेचा सर आणि विज्ञानाच्या बाई एकत्र बसतच नाहीत, मग एक जण नाटक बसवतो आणि दुसरी त्यात घाईघाईने व्याख्या घुसडते. वेळेचा घोळ वेगळाच. सायनोटाईपला कागद वाळेपर्यंतच एक तास संपतो, ढग आले की खेळ बंद, त्यामुळे असले उपक्रम वेळापत्रकात फारसे बसत नाहीत आणि सुट्टीतल्या शिबिरात किंवा शाळा सुटल्यावरच्या क्लबात जास्त चालतात, जिथे जमलं नाही तर उद्या परत करू म्हणता येतं.