पडद्यावरचे रेणू : रसायनशास्त्राच्या तासाला सिम्युलेशन कसे आले

पुण्यातील कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावी-बारावीचे रसायनशास्त्र शिकवताना संगणकीय सिम्युलेशनचा, म्हणजे खऱ्या घडामोडीच्या संगणकावरील प्रतिकृतीचा, विषय निघाला, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आभासी प्रयोगशाळा येते. मात्र या साधनामागे दोन स्वतंत्र परंपरा आहेत, आणि त्यांतील दुसरी मला अधिक मोलाची वाटते.

पहिली परंपरा प्रयोगाची पडद्यावर तालीम करून घेणारी. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘प्लेटो’ या संगणक प्रणालीवर पुढे रसायनशास्त्राचे पाठ तयार झाले आणि विद्यार्थी पडद्यावर ऊर्ध्वपातनासारखे प्रयोग करू लागले. भारतात शाळांपर्यंत संगणक नेण्याचा सरकारी प्रयत्न १९८४ च्या ‘क्लास’ प्रकल्पापासून सुरू झाला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने आपल्या मुंबई केंद्रामार्फत, अमृता विद्यापीठाच्या सहकार्याने, नववी ते बारावीसाठी तयार केलेले ‘ओलॅब्स’ हे ऑनलाइन प्रयोगांचे साधन याच वाटेवरचे आहे.

दुसरी परंपरा न दिसणाऱ्या कणांची हालचाल दाखवणारी. तिचा उगम वर्गात नसून संशोधनात आहे. हैदराबादचे भौतिकशास्त्रज्ञ अनीसूर रहमान यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत द्रवरूप आर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर गणित करून दाखवली. प्रत्येक अणूवर इतर अणूंचे बल किती, त्यामुळे पुढच्या क्षणी तो कुठे असेल, हे पुन्हा पुन्हा मोजत जाण्याची ही पद्धत आज रेणवीय गतिकी म्हणून ओळखली जाते. वर्गातील अडचण मात्र रसायनशिक्षणाच्या अभ्यासकांनी दाखवली : ग्लासगोचे अॅलेक्स जॉनस्टोन यांनी १९८० च्या दशकात मांडले, की रसायनशास्त्र डोळ्यांना दिसणारे पदार्थ, न दिसणारे कण आणि चिन्हे अशा तीन पातळ्यांवर चालते. या तिन्ही एकाच वेळी समोर आल्या, की नवशिका विद्यार्थी गोंधळतो. पुढे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात विज्ञान शिकवण्यासाठीच्या सिम्युलेशनचा ‘फेट’ प्रकल्प सुरू केला. त्यातील द्रव्याच्या अवस्थांचे सिम्युलेशन आर्गॉनसह मोजक्या पदार्थांच्या कणांची हालचाल रहमान यांच्या धर्तीच्या गणितानेच दाखवते, आणि आज ते साध्या ब्राउझरमध्ये चालते.

या परंपरेचे मोल मिठाच्या द्रावणात स्पष्ट दिसते. फळ्यावर NaCl लिहिलेले पाहून अनेक मुले पाण्यात सोडियम-क्लोराइडच्या जोड्याच काढतात. सिम्युलेशनमध्ये स्फटिक विस्कटतो, दोन्ही आयन सुटे होतात आणि पाण्याचे रेणू त्यांना वेढतात. असे दृश्य कोणत्याही शंकूपात्रात दिसत नाही. उलट, अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) ब्युरेटची तोटी थेंबाथेंबाने सोडून द्रावणाची फिकट गुलाबी छटा नेमकी पकडणे हे हाताचेच कौशल्य आहे आणि बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तेच तपासले जाते. म्हणून पडद्यावरचा प्रयोग त्यासाठी पूर्वतयारीपुरताच राहिला.