चौकटगती, पाण्याखालील चित्रीकरणातील

पाण्याखाली चित्रीकरण करताना कॅमेरा दर सेकंदाला किती चौकटी टिपतो ते प्रमाण. व्यवहारात ‘फ्रेम रेट’ हाच शब्द रूढ आहे. २४, २५, ३०, ५०, ६० आणि १२० ही नेहमीची प्रमाणे.

यांपैकी २४ या आकड्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवीत, त्यामुळे गती ठरावीक नसे. चित्रगृहात पट बहुधा चित्रणापेक्षा जलद दाखवला जाई. १९२६च्या सुमारास ध्वनीची जोड मिळाल्यावर स्थिर गती अपरिहार्य झाली. फिल्मवरील ध्वनिपट्टीत उच्च स्वर स्पष्ट उमटावेत म्हणून २४ निवडले, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार अभियंत्यांनी चित्रगृहांतील प्रचलित वेग पाहून मिनिटाला ९० फूट हे मान ठरवले, ३५ मिमी. फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात, म्हणून सेकंदाला २४. व्हिटाफोन या सुरुवातीच्या बोलपट-पद्धतीत ध्वनी फिल्मवर नसून तबकडीवर असे, तरीही गती हीच होती. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. २५ व ३० या गती मात्र दूरचित्रवाणीच्या, अनुक्रमे ५० व ६० हर्ट्झ वीजपुरवठ्याशी निगडित आहेत. १९५३च्या अमेरिकी रंगीत प्रक्षेपणात ३०चे २९.९७ झाले.

पाण्याखाली निवड मुख्यतः उजेडावर ठरते. शटर (कॅमेऱ्यात प्रकाश घेणारी झडप) चौकटीच्या निम्म्या वेळेइतके उघडे ठेवण्याचा प्रघात आहे: २४ला १/४८ सेकंद, ६०ला १/१२०. गती दुप्पट केली की प्रकाश निम्मा होतो. खोलीबरोबर तो आधीच घटलेला असतो, त्यातही तांबडा सर्वांत आधी. तूट आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनक्षमता) वाढवून भरावी, तर चित्र दाणेदार होते. म्हणून गढूळ किंवा खोल पाण्यात २४ ते ३० पुरते. उथळ, स्वच्छ पाण्यात चपळ माशांसाठी ६० उपयोगी. ६०चे चित्रण २४ने दाखवल्यास हालचाल अडीचपट संथ होते. लाटेच्या हेलकाव्याने झोकांड्या खाणारा कॅमेराही त्यामुळे सुसह्य वाटतो. कॅमेऱ्याच्या जलरोधक आवरणाच्या सपाट काचेमागे वस्तू सुमारे एकतृतीयांश मोठ्या दिसतात आणि हादरेही तितकेच वाढतात, ही बाब पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. घुमटाकार काचेने हा दोष बराच कमी होतो.

तारकर्ली-मालवणच्या समुद्रात पाण्यात तरंगणारा गाळ व प्लवक (सूक्ष्म तरंगते जीव) असल्याने उजेड कमी पडतो आणि १२०चा मोह सहसा आवरावा लागतो. स्पंदनपद्धतीने, म्हणजे झपाट्याने चालू-बंद करून, मंद केलेल्या एलईडी दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात.