मसाजच्या टेबलावरची चादर: एका शिस्तीची पार्श्वभूमी

व्यावसायिक मसाजला पहिल्यांदाच गेलेल्या माणसाला आधी प्रश्नांना तोंड द्यावे लागते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, अलीकडे शस्त्रक्रिया? मग थेरपिस्ट खोलीबाहेर जातो. सोयीचे वाटेल तेवढेच कपडे काढून चादरीखाली झोपायचे. ज्या पायावर काम चालू असेल तेवढाच उघडा, चादरीची कड मांडीखाली खोचलेली. पालथे व्हायची वेळ आली की थेरपिस्ट चादर उचलून धरतो आणि नजर दुसरीकडे वळवतो. प्रश्न वैद्यकातून आले. चादरीबाबतच्या या काटेकोरपणामागे मात्र बदनामीचा मोठा वाटा आहे.

१८९४ मध्ये लंडनमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकाने आरोप केला की, मसाजच्या नावाखाली अनेक ठिकाणी वेश्याव्यवसाय चालतो. त्याच वर्षी चार प्रशिक्षित परिचारिकांनी या कामाची अब्रू वाचवण्यासाठी संस्था काढली. तिचे नियम कडक होते. मसाज फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पुरुषांना सर्वसाधारण मसाज करायचा नाही. डॉक्टरांनी खास सांगितलेल्या तातडीच्या रुग्णांचा तेवढा अपवाद. जाहिरात करायची तर निव्वळ वैद्यकीय नियतकालिकांत. या निर्णयाबद्दल आजही दोन मते आहेत. त्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात, त्याशिवाय प्रामाणिकपणे पोट भरणाऱ्या बायका टिकल्याच नसत्या. ते खरेच आहे. पण त्याची किंमतही मोठी होती. वाईट वागणारे ग्राहक नामानिराळे राहिले आणि बंधने आली ती काम करणाऱ्या हातांवर. कुठे, किती आणि कोणाला दाबायचे हे ठरवण्याचा अधिकारही डॉक्टरांच्या चिठ्ठीकडे गेला.

पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या रांगा लागल्या, तेव्हा पुरुषांना हात न लावण्याचा नियम टिकणे शक्यच नव्हते. १९२० मध्ये संस्थेला राजसनद, म्हणजे ब्रिटिश राजाची अधिकृत मान्यता, मिळाली. पुढे व्यायाम आणि विजेच्या उपचारांचे महत्त्व वाढत गेले आणि १९४० च्या दशकात संस्थेच्या नावातून 'मसाज' हा शब्दच गळाला. त्याची जागा फिजिओथेरपीने घेतली. ज्या कौशल्याची अब्रू राखायला हा सारा खटाटोप झाला, तेच मागे पडले, याची खंत वाटते.

'स्वीडिश मसाज' या प्रकाराचे नावही फसवे. त्यातल्या लांबवर हात फिरवणे, मळणे, थापटणे या क्रियांची नावे फ्रेंच आहेत, ती रूढ करण्याचे श्रेय एका डच डॉक्टरला दिले जाते आणि खुद्द स्वीडनमध्ये या प्रकाराला 'क्लासिक मसाज' म्हणतात.

१९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात शरीर आणि मन एकत्र पाहणाऱ्या पद्धतींना बहर आला. 'बॉडीवर्क' हा अशा पद्धतींसाठीचा व्यापक शब्द त्याच वातावरणात रुळला. वैद्यकाच्या उंबऱ्याबाहेर मसाज पुन्हा उभा राहिला, पण जुना संशय सोबत होताच. म्हणून 'मसाज थेरपिस्ट' या नावाचा आग्रह, म्हणून परवाने. अमेरिकेत १९९२ मध्ये देशपातळीवरची प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली. मसाजच्या शिक्षणात शरीररचनेइतकाच भर संमतीवर असतो. त्यातूनही 'शरीरातली विषारी द्रव्ये बाहेर पडतात' असे आश्वासन कुठे मिळालेच, तर त्यावर विसंबू नये. अशा द्रव्यांत ज्याचे नाव घेतले जाते, ते व्यायामात स्नायूंत तयार होणारे लॅक्टिक आम्ल शरीर तासाभरात स्वतःच निस्तरते.

नितंबांवर किंवा पोटावर काम करण्याआधी आता वेगळी परवानगी मागितली जाते. मध्येच विचारले जाते, "दाब कसा वाटतोय?" जास्त वाटला तर तसे सांगायचे, नको असेल तर थांबवायचे. १८९४ च्या नियमांत हे उत्तर डॉक्टरांकडून यायचे. आता ते टेबलावरचा माणूस देतो.