आस्की आणि बायनरी: एफटीपीच्या दोन कमांडमधील फरक

एफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून फाइली नेण्याच्या प्रोटोकॉलने, राउटरवर किंवा स्विचवर फर्मवेअर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) चढवताना फाइल पाठवणाऱ्या 'पुट'च्या आधी 'बायनरी' ही कमांड द्यायची असते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र आस्की आणि बायनरी या फाइलींच्या दोन जाती असून कमांड देऊन आपण सर्व्हरला फाइलची जात कळवतो, असा समज अनेकदा आढळतो. वस्तुतः ही फाइलची नावे नव्हेत, तर ती कशी न्यावी याविषयीच्या सूचना आहेत. 'बायनरी' म्हणजे एकाही बाइटला (० ते २५५ मधील एका अंकाला; फाइल अशा अंकांचीच बनते) हात न लावता फाइल जशीच्या तशी पोहोचवावी. 'आस्की' म्हणजे हा मजकूर आहे असे धरून चालावे आणि ओळींचे शेवट समोरच्या यंत्राला रुचतील असे बदलावेत. फाइलमध्ये खरोखर मजकूर आहे की नाही, याची खातरजमा प्रोटोकॉल करीत नाही.

ओळ संपल्याची खूण विंडोजमध्ये १३ आणि १० अशा दोन बाइटांची असते, लिनक्समध्ये केवळ १० ची. आस्की पद्धतीत वाटेवर १३-१० ही जोडीच चालते. पाठवणारा आपली खूण तिच्यात बदलतो आणि घेणारा ती जोडी आपल्या पद्धतीत उतरवून घेतो. अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला, तेव्हा अशा रूपांतराची गरज आजच्याहून कितीतरी मोठी होती, कारण यंत्रागणिक अक्षरांचे संकेतच वेगळे असत. मोठ्या इंग्रजी 'ए'साठी आस्की याच नावाच्या अक्षरसंकेतात ६५ हा अंक येतो, तर आयबीएमच्या एब्सिडिक संकेतात १९३. एफटीपीचे नियम ठरवणाऱ्या ऑक्टोबर १९८५ च्या प्रमाण दस्तऐवजानेही आस्की हीच न सांगता धरली जाणारी पद्धत ठेवली, आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधील एफटीपी आजही तिच्यापासूनच सुरुवात करते. लिनक्सवरील बरेच क्लायंट (आपल्या बाजूचे एफटीपी प्रोग्रॅम) लॉगिन होताच स्वतःहून बायनरीवर जातात. त्यामुळे लिनक्सवर वर्षानुवर्षे सवय झालेला माणूस विंडोजवर बसला की हमखास फसतो.

समजा, १६ एमबीचे फर्मवेअर विंडोजवरून लिनक्सवर चालणाऱ्या उपकरणाकडे आस्कीत गेले. दाबून बसवलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) अशा फाइलमधील बाइट जवळजवळ विस्कळीत क्रमाने येतात, म्हणून १३-१० ही जोडी सरासरी ६५,५३६ जागांमागे एकदा योगायोगानेच सापडते. उपकरण अशी प्रत्येक जोडी ओळीचा शेवट समजून तिच्यातील १३ काढून टाकते, आणि फाइल सुमारे २५६ बाइटांनी आखडते. एवढी घट नजरेत भरत नाही. उलट उपकरणावरील सर्व्हर '२२६' हा आकडा दाखवून काम पूर्ण झाल्याचे कळवतो, आणि त्याच्या दृष्टीने ते झालेलेही असते. कोणत्या १० च्या आधी मुळात १३ होता हे नंतर सांगता येत नसल्यामुळे ही फाइल दुरुस्त होत नाही, नव्यानेच पाठवावी लागते. म्हणून 'पुट'नंतर फाइलींची यादी दाखवणारी 'डिर' ही कमांड देऊन आकार शेवटच्या बाइटपर्यंत ताडून पाहावा, आणि उपकरणात सोय असेल तर एमडी५ बेरीजही (फाइलच्या सगळ्या बाइटांवरून काढलेली पडताळणीची खूण) जुळवावी. तोवर रीबूटला हात लावू नये.

पीएनजी चित्रांच्या रचनाकारांनी हा धोका ओळखून प्रत्येक फाइलच्या पहिल्या आठ बाइटांत मुद्दाम १३-१० ही जोडी आणि पुढे एक सुटा १० पेरून ठेवला आहे. आस्कीतून गेलेले चित्र त्यामुळे उघडतानाच पकडले जाते.

याचा अर्थ आस्की टाकाऊ आहे असा नव्हे. नोटपॅडमध्ये विंडोजच्या पद्धतीने जतन केलेली शेल स्क्रिप्ट (लिनक्सच्या कमांडची मजकूर-फाइल) बायनरीतून लिनक्सवर गेली, तर पहिल्याच ओळीच्या शेवटी तो १३ चिकटून राहतो आणि ती चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे इंटरप्रिटर, सापडत नाही अशी तक्रार येते. तिथे आस्कीच हवी. मात्र लिनक्सवरील व्हीएसएफटीपीडीसारखे एफटीपी सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये आस्कीची विनंती मान्य केल्याचे दाखवून ती अमलात आणत नाहीत, त्यामुळे केवळ तिच्या भरवशावर राहण्यापेक्षा फाइल आधीच लिनक्सच्या पद्धतीत जतन करणे मला अधिक बरे वाटते.

मराठी मजकुराची गोष्ट आणखी निराळी आहे. यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ या अक्षरे बाइटांत मांडण्याच्या दोन पद्धती आहेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अक्षराचा एकही बाइट १२८ च्या खाली जात नाही, म्हणून आस्कीत त्याला धक्का लागत नाही. यूटीएफ-१६ मध्ये मात्र 'ऊ' हे अक्षर ९ आणि १० या दोन बाइटांचे बनते. अशी फाइल लिनक्सवरून विंडोजवर आस्कीत उतरवली, तर 'ऊस'मधल्या त्या १० च्या आधी एक १३ घुसतो, बाइटांच्या जोड्या एका घराने सरकतात, आणि तिथून पुढचा मजकूर अनोळखी चिन्हांत वाचावा लागतो.