एमडी-एमएसचा प्रबंध: साम्य-अहवालात तो नेमका कुठे अडतो

प्रबंध बांधून तयार, गाइडची सही झालेली आणि ग्रंथालयातून साम्य-अहवाल, म्हणजे प्रबंधातला मजकूर इतरत्रच्या लिखाणाशी किती जुळतो याचा अहवाल, येतो ३४ टक्के. सबमिशनच्या आठवड्यात रडवेले झालेले निवासी डॉक्टर दरवर्षी दिसतात, म्हणून हे लिहितोय.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यायचा. ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, ६० च्या वर थेट नोंदणी रद्द. सुधारणेसाठी ‘सहा महिने’ असं वाचून मुलं निवांत होतात. अहो, ती कमाल मर्यादा आहे! संस्थेने महिन्याची मुदत दिली तर महिनाच. शिवाय तुमच्या विद्यापीठाची अट याहून कडक असू शकते, त्यामुळे परिपत्रक आधी वाचा.

प्रबंध, शोधनिबंध, पुस्तकातलं प्रकरण यांना हे नियम लागू आहेत, आणि शिक्षकांनाही. उत्तरपत्रिका, असाइनमेंट यांना नाहीत. कागदपत्रं तीन: काम स्वतःचं असल्याचं तुमचं हमीपत्र, गाइडचं प्रमाणपत्र, संस्थेने मान्य केलेल्या सॉफ्टवेअरचा अहवाल.

तिसऱ्यापाशीच घोडं अडतं. बाहेरच्या दुकानात पैसे देऊन अहवाल काढू नका. तिथे मसुदा सॉफ्टवेअरच्या साठ्यात जमा झाला, तर पुढे कॉलेजच्या तपासणीत तुमचाच प्रबंध तुमच्याच मसुद्याशी जुळतो आणि आकडा नव्वदीपार जातो. ते निस्तरायला ग्रंथपालांकरवी कंपनीशी पत्रव्यवहार करावा लागतो, आणि तेवढ्यात तारीख निघून जाते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य, हे सगळं नियमाने वगळायचं असतं. ते वगळलंय का, हे अहवालाच्या सेटिंगमध्ये बघा. नसेल तर ग्रंथपालांना तसं सांगायला संकोच करू नका.

खरं साम्य सापडतं ते ‘साहित्य आढावा’ आणि ‘पद्धती’ या प्रकरणांत, कारण विभागातल्या सीनियरची फाइल समोर ठेवून ती लिहिली जातात. यावर उपाय म्हणून शब्द बदलणारं सॉफ्टवेअर वापरू नका. अशा यंत्रांनी ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बूझम पेरिल’ (शब्दशः ‘छातीचा धोका’) केलेले शोधनिबंध छापून आले आणि त्याच शब्दांमुळे पकडले गेले. मूळ लेख वाचा, बाजूला ठेवा, आणि मग स्वतःच्या वाक्यांत लिहा. संदर्भ तरीही द्यायचाच.

कोणाकडेच नसतो असा कागद म्हणजे परवानगीपत्र. पाठ्यपुस्तकातली आकृती किंवा मिनी मेंटल स्टेट या स्मरणशक्ती-आकलन तपासणाऱ्या प्रश्नावलीसारखी स्वामित्व हक्क असलेली मापनश्रेणी छापायची तर खाली नाव लिहून भागत नाही, प्रकाशकाची लेखी परवानगी लागते. उत्तराला वेळ लागतो, तेव्हा सारांश (प्रबंधाचा सुरुवातीचा आराखडा, सिनॉप्सिस) मंजूर होताच अर्ज करा.

प्रबंधावरून शोधनिबंध पाठवताना सोबतच्या पत्रात तसं स्पष्ट लिहा. संपादकांकडून साम्याबद्दल विचारणा आली तर गप्प बसू नका. ‘कोप’ या प्रकाशन-नीतिसंस्थेच्या मार्गदर्शनानुसार उत्तर न मिळाल्यास संपादक तुमच्या संस्थेला कळवू शकतात, आणि मग प्रकरण विभागाच्या समितीपुढे जातं. मुद्देसूद उत्तर, मूळ मसुदे आणि सहलेखकांची संमती हाताशी ठेवा.